सण नसलेली घरं

दिवाळीच्या तोंडावर काकू हातात स्टीलचा डबा घेऊन गल्लीत शिरल्या की बायका गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. काकू कुठल्या फाटकाशी थांबतात ते बघायला. आपलं फाटक ओलांडून पुढे गेल्या की हुश्श करायच्या. आमच्या समोरच्या बाईंनी तर एकदा मला हळूच विचारलं होतं, "तुमच्या मालकीणबाई काल आमच्या घराकडे बघत होत्या. काही म्हणाल्या का हो?" त्यांच्या सासऱ्यांना त्या दिवसांत साधा खोकला झाला होता.

इंदिरानगरला काकूंच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर आम्ही सात वर्षं भाड्यानं राहिलो. मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. खाली काकू एकट्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, हातांकडे बघायच्या. मला सुरुवातीला वाटायचं, मी काही चोरून तर नेत नाही ना असा यांना संशय आहे. माहेर विंचूरचं. चाळीस वर्षं शहरात राहून बोलणं अगदी साफ झालं होतं, पण राग आला की त्या थेट विंचूरला जाऊन पोचायच्या. "लय शहाणी हायेस, नको शिकवू मला," हे वाक्य मी पहिल्याच महिन्यात ऐकलं. पाण्याची मोटर कोणी लावायची यावरून.

त्या डब्याचं सांगायला हवं. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सण करायचे नाहीत, तळण करायचं नाही, ही रीत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या घरी नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी फराळ न्यायचा, ही तिचीच दुसरी बाजू. पण ती दुसरी बाजू हल्ली कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्यांच्याकडे दुःख झालंय ते करत नाहीत, आणि बाकीचे 'त्यांना कशाला त्रास' म्हणून जात नाहीत. मग त्या घरातली पोरं दुकानातली पाकिटं फोडून खातात, तीही दार लावून. काकूंनी हे काम अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणणाऱ्याचं त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

वर्षभर त्यांचे कान उघडे असत. दूधवाला, फुलवाली, इस्त्रीवाला, सगळे त्यांचे बातमीदार. कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आल्यावर तर फारच सोय झाली. त्यांना मोबाईलवरचं बारीक दिसायचं नाही, म्हणून मी संध्याकाळी ऑफिसातून आले की मला हाक मारायच्या. "वाच गं, कुठं भावपूर्ण आलंय का?" मी चहाही न पिता त्यांना श्रद्धांजल्या वाचून दाखवायचे. माझी चिडचिड व्हायची. लोकांच्या घरी संध्याकाळी शुभंकरोती चालतं, आमच्याकडे हे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्या चकलीची भाजणी भाजायला घ्यायच्या. ऑक्टोबरचं ऊन, खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं गॅस हलतो. तांदूळ, डाळी, धने, जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर. त्या वासानं जिन्यापर्यंत घर भरून जायचं. मग दहा-बारा दिवस रोज एक कढई. पहिल्या आंघोळीच्या आत सगळे डबे पोचले पाहिजेत, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, दुःखाच्या घरात बसायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. दारात डबा द्यायचा आणि "खाऊन घ्या" एवढंच म्हणायचं. आणि तिसरा, डबा रिकामाच परत घ्यायचा. एरवी आपल्याकडे कुणी रिकामा डबा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. पण काकू दारातच बजावायच्या, "रिकामाच द्या. साखर घालाल तर मी परत आणून देईन." एकीनं घातली होती. त्यांनी खरोखर वाटीत काढून परत नेऊन दिली.

हे झालं देण्याचं. घेण्याच्या बाबतीत त्या त्याहून विचित्र होत्या. दिवाळीत कुणाचाही फराळ त्या घेत नसत. दुःखाचं घर सोडा, साधी शेजारधर्माची ताटलीसुद्धा नाही. पहिल्या दिवाळीला मी हौसेनं बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे रुमालाखाली झाकून नेले, तर त्यांनी जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "आमच्याकडे घेत नाहीत." मी ती ताटली घेऊन जिना चढले तेव्हा माझे कान तापले होते. नवऱ्याला म्हटलं, "पुढच्या महिन्यात दुसरं घर बघू." तो म्हणाला, "नळाला चोवीस तास पाणी आहे इथं." राहिलो.

त्यांचे यजमान घरात नव्हते. वारले असावेत म्हणावं तर कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, आणि भिंतीवर फोटो नव्हता. फोटो होता तो फ्रिजच्या दारावर, लोहचुंबकाखाली, गॅसच्या पावतीशेजारी. हाफ शर्टातले, बारीक मिशीचे गृहस्थ. खरं काय ते समोरच्या बाईंनी सांगितलं. आम्ही राहायला येण्याच्या चार वर्षं आधी, धनत्रयोदशीच्या सकाळी ते लक्ष्मीपूजनासाठी लाह्या-बत्तासे आणायला म्हणून स्कूटरवर गेले, ते आलेच नाहीत. स्कूटर एसटी स्टँडच्या पार्किंगमध्ये सापडली, कुलूप लावलेली. भांडण नाही, आजार नाही, कुणाशी काही देणं-घेणं नाही. वर्षभर जरा गप्प गप्प असायचे म्हणे. का गेले ते कधीच कळलं नाही. मला अजून त्या माणसाचा राग येतो. जायचं तर सांगून जावं.

आम्हाला तिथं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा माझ्या सासूबाई गेल्या. त्या देवळ्याच्या. उपचारासाठी आमच्याकडे आणल्या होत्या, चार महिने अंथरुणावर होत्या आणि श्रावणात गेल्या. मी त्यांचं सगळं केलं, पण तोंड वाजवत केलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं सांगते. नोकरी, लहान मुलगी, त्यात चादरी धुणं, आणि त्या बिचाऱ्या प्रत्येक गोष्टीला "राहू दे गं" म्हणायच्या, त्याचाही मला राग यायचा. गेल्यावर मला रडूसुद्धा आलं नाही. मी सगळं कपाट आवरून ठेवलं आणि चौदाव्या दिवशी ऑफिसला गेले.

दिवाळी आली. चार वर्षांची मुलगी शंकरपाळे मागत होती. मी म्हटलं, असल्या रीतीभातींना काही अर्थ नाही, लेकराला काय कळतंय. कढईत तेल तापत ठेवलं. पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. काकूंचे गुडघे दुखायचे, त्या कधी वर येत नसत. त्या दिवशी आल्या, सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि माझ्या पोळपाटाकडे बघत म्हणाल्या, "कोणासाठी चाललंय?"

"मुलीसाठी, काकू. तिला काय समजतंय?"

"तिला नाय समजत. तुला समजतंय ना? बंद कर तो गॅस."

"मी हे असलं मानत नाही."

"नको मानू. नुसती बस. बाईला कधी बसायला मिळतं का? सासू मेल्यावर एक दिवाळी मिळते, ती पण घालवतीस?" आणि त्यांनी स्वतःच गॅस बंद केला. लाटलेली पोळी उचलून गोळा केली, डब्यात टाकली आणि खाली घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. काकू. त्या राहायच्या माझ्या पायाखाली, पण आल्या होत्या परक्या घरी गेल्यासारख्या. इस्त्रीची साडी, पायात चपला. खालच्या दारातून निघून, फाटकाबाहेर जाऊन, पुन्हा फाटकातून आत येऊन जिना चढल्या होत्या. मी वरून पाहिलं होतं. डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "खाऊन घ्या. डबा रिकामाच द्या." आणि वळल्या. मी दार लावलं, जमिनीवर बसले, मुलीला मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघींनी निम्मा डबा तिथंच संपवला. तिसऱ्या चकलीला मला रडू आलं. श्रावणापासून अडलेलं होतं ते आलं.

काकू चुकल्या त्या एकदाच. पण चुकल्या त्या अशा की कॉलनी अजून हसते. मागच्या गल्लीत एक आजोबा होते. त्यांच्या घरासमोर काकूंनी सकाळी ॲम्ब्युलन्स पाहिली, दुपारी दारात वीस-बावीस जोड चपला पाहिल्या, आणि अंगणात पुरुष माणसं हात मागे बांधून हळू बोलताना पाहिली. एवढं पाहिल्यावर आणखी विचारायचं काय? प्रत्यक्षात आजोबांना दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि सगळं गणगोत भेटायला जमलं होतं. चार दिवसांनी काकू डबा घेऊन गेल्या. दार उघडलं ते आजोबांनीच, वॉकर सरकवत.

"काय आणलंत?"

"फराळ. दुःखाचा."

आजोबांनी मागे वळून घरात बघितलं, पुन्हा काकूंकडे बघितलं. "कोण गेलं आमच्यातलं?"

काकूंना खोटं बोलता यायचं नाही. म्हणाल्या, "तुम्ही."

आजोबांनी झाकण उघडलं, एक चकली मोडून तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "मग खायला हरकत नाही," म्हणाले.

त्यांच्या सुनेनं मात्र आमच्या फाटकाशी येऊन केवढा तमाशा केला! अभद्र बाई, डोळे फुटले का, काय काय बोलली. काकू खाली मान घालून तिच्या हातांकडे बघत ऐकत राहिल्या. पण आजोबा त्यानंतर तीन वर्षं ठणठणीत जगले, आणि दर दिवाळीला हटून बसायचे, "माझा दुःखाचा डबा आला का?" मग तीच सूनबाई ओशाळून आमच्या जाळीशी येऊन उभी राहायची. काकू निमूट डबा द्यायच्या. चौथ्या वर्षी चैत्रात आजोबा गेले. त्या दिवाळीला तिथून परत आल्यावर काकू पायरीवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "यंदाचा खरा होता गं."

काकूंची मुलगी पुण्याला असते. आम्ही तिला ताई म्हणायचो. भाऊबीजेला यायची, तशी काकूंचा विंचूरचा भाऊही यायचा, कांद्याची गोणी घेऊन. पण सातव्या वर्षी ताई आधीच आली, पितृपक्षात. त्या पंधरवड्यात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते, कुठकुठल्या राज्यांच्या गाड्या येतात. मी खाली दूध द्यायला गेले तेव्हा दोघींचं चाललेलं होतं आणि मला पाहून कुणी थांबलं नाही.

"आई, पुढच्या वर्षी बारा वर्षं होतील. मी गुरुजींना विचारून आलेय. बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याचं सगळं यथासांग करतात. लोक ह्यासाठी कुठून कुठून इथं येतात. आपण तर नाशकातच राहतो."

"जवळ पडतं म्हणून करायचं का?"

"मला बाबांसाठी काहीतरी करायचंय गं. अकरा वर्षं मी नुसती बसून आहे. माझ्या पोरींनी विचारलं, आजोबा आहेत की नाहीत, तर मी काय सांगू?"

"आहेत सांग."

"कशावरून?"

काकूंनी ओट्यावरच्या कढईवर हात ठेवला. "एक दिवाळी अशी गेली नाय की या घरात ही चढली नाय. ज्या घरात कढई चढते, त्या घरातलं माणूस गेलेलं नसतं. मी लोकांकडे डबे घेऊन जाते, माझ्याकडे कुणी घेऊन येत नाय. त्यावरून."

ताई रडत पुण्याला गेली. मग मला सगळं उलगडलं. ती बाई लोकांसाठी तळत होती हे खरं, पण नुसतं लोकांसाठी नव्हे. देणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायला तिला दर वर्षी कढई लागत होती. माझ्या लाडवांची ताटली तिनं घेतली असती तर ती घेणाऱ्यांच्या, दुःखाच्या घरांच्या बाजूला आली असती. एवढ्या वर्षांनी मला त्या ताटलीचं वाईट वाटेनासं झालं.

त्याच वर्षी, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, काकूंचं मनगट भरून आलं होतं म्हणून त्यांनी मला सोऱ्या फिरवायला बोलावलं. यादीत पाच घरं होती. मी चकल्या पाडत होते, त्या तळत होत्या. दुपारची वेळ. बाहेर रिक्षा थांबली आणि ताई आत आली. भाऊबीजेच्या आठवडाभर आधीच, काही ठरलेलं नसताना. तिच्यामागे एक वयस्कर गृहस्थ, काकांच्या ऑफिसातले जुने सहकारी. ते नर्मदा परिक्रमा करून नुकतेच परतले होते.

ते बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. नर्मदेकाठी एका धर्मशाळेत मुक्काम पडला होता. तिथल्या ओसरीवर, तिथं राहून सेवा करून गेलेल्या माणसांचे फोटो लावलेत. त्यांतल्या एका फोटोसमोर त्यांचे पाय थांबले. त्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून आणला होता. काकूंनी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि मोबाईल लांब धरून बघितला. मलाही दिसला. भिंत, फोटो, फोटोला चंदनी हार, खाली हिंदीत रंगवलेलं, 'नासिकवाले बाबूजी'.

"बारीक झाले होते," काकू म्हणाल्या. मग विचारलं, "कधी?"

"आठ वर्षं झाली, वहिनी. थंडीचे दिवस होते. तीन दिवस तापाचं निमित्त. त्या लोकांनी सगळं केलं, नदीवरच. तिथं ते सगळ्यांना स्वयंपाक करून वाढायचे म्हणे. कुठले, कोण, विचारलं की नुसतं नाशिक म्हणायचे."

काकूंनी गॅस बंद केला. कढईतल्या चकल्या काढल्याच नाहीत, त्या तापल्या तेलात काळ्या पडायला लागल्या, म्हणून मी झाऱ्यानं काढल्या. काकू बोटांवर काहीतरी मोजत होत्या. ताई त्यांच्या खांद्याला धरून सांगत होती, "आई, गुरुजींना फोन केलाय मी. ते म्हणाले, ऐकल्या दिवसापासून धरायचं. मागचं काही धरायचं नाही."

"गुरुजी नाय धरणार. मी कशी नाय धरू?" मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही राहायला आलात तेव्हा ते नव्हतेच. तुझ्या सासूचा डबा, आजोबांचे डबे, सगळ्या कॉलनीत... मीच दुःखाच्या घरची, सुतकसुद्धा न फिटलेली, आणि दुःखाच्या घरी फराळ घेऊन गेले. आठ दिवाळ्या. लोकांना सांगायला पाहिजे. सगळ्यांना जाऊन सांगायला पाहिजे."

आणि त्या खरोखर निघाल्या. पायात चपला सरकवल्या, पदराला पीठ तसंच, आणि फाटकाकडे चालायला लागल्या. ताई "आई, आई" करत दारातच राहिली. नवरा गेल्याचं कळल्यावर त्यांनी हंबरडा फोडला असता तर मी समजू शकले असते. पण त्या शरमल्या होत्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. ते मला बघवेना. मी धावत जाऊन फाटकाशी त्यांच्या आडवी उभी राहिले.

"कुणाला काय सांगणार, काकू? माझी सासू गेली त्या वर्षी आमच्या दारात दुसरं कुणी आलंच नव्हतं."

त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. हातात सोऱ्या तसाच होता.

"देवळ्याहून पण नाय?"

"फोन आले. माणूस कुणी आलं नाही."

"आपल्या गल्लीतलं?"

"कुणी नाही, काकू. तुम्हीच आलात."

त्यांनी मान वर केली. सात वर्षांत त्या माझ्या तोंडाकडे सरळ बघताहेत असं मला पहिल्यांदाच दिसलं. डोळे कोरडे होते. फाटकाची कडी त्यांनी सोडली, पदर डोक्यावरून घेतला आणि घराकडे वळल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या.

"मग यंदा तू आण," म्हणाल्या. "चकली नको आणू. तुझी मऊ पडते."